वीस वर्षांनी गाणाऱ्या लावणी-गायिकेचा अल्बम कसा करावा

अल्बम करायचं ठरलं की पहिली बैठक हमखास गाण्यांच्या यादीवर होते. ती महिनाभर पुढे ढकला. वीस-पंचवीस वर्षं तमाशाच्या फडापासून आणि बसून गायच्या बैठकीच्या लावणीपासून लांब असलेल्या बाईंचा आवाज आज कुठे बसतो हे कळल्याशिवाय कोणतं गाणं घ्यायचं हे कुणालाच सांगता येणार नाही. जुनी कॅसेट ऐकून ‘हेच परत करू’ म्हणणारे लोक भेटतील. तिथूनच अल्बम बिघडायला लागतो. कॅसेटमधला आवाज पस्तिशीतल्या बाईचा असतो आणि माइकसमोर बासष्ट वर्षांच्या बाई बसलेल्या असतात.

एकूण पाच महिने हाताशी ठेवा. आठ आठवडे रियाज, चार आठवडे साथीदारांबरोबर तालमी, दहा-बारा दिवस रेकॉर्डिंग आणि उरलेला वेळ मिक्सिंगला, कागदपत्रांना. दिवाळीनंतर लगेच सुरुवात केली तर फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत रेकॉर्डिंग उरकतं आणि चैत्राच्या जत्रा सुरू होताना गाणी लोकांच्या कानावर पडतात. पावसाळ्यात रेकॉर्डिंग ठेवू नका. कातडी वाद्यं दमट हवेत उतरतात आणि दर गाण्याआधी अर्धा तास ढोलकी चढवण्यात जातो.

आवाज

रियाजाच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दुर्बिणीने स्वरयंत्राची तपासणी करून घ्या. स्वररज्जूवर गाठ असेल किंवा सूज असेल, तर रियाजाने ती वाढते. घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला असेल तर ही तपासणी टाळूच नका. तंबाखू, मिश्री, आम्लपित्त हे तिन्ही प्रश्न डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोलायला हवेत. बाई स्वतःहून सांगतीलच असं नाही, त्यामुळे बरोबर जाणाऱ्याने विषय काढावा.

दातांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. कवळी ढिली असली की ‘स’, ‘श’, ‘च’ बोलताना शीळ आल्यासारखा आवाज येतो आणि चांगल्या माइकवर तो दुप्पट ऐकू येतो. मिक्सिंगमध्ये तो थोडा दाबता येतो, पण ‘सख्या’ शब्दाचा जीवही त्याबरोबर जातो. कवळी रेकॉर्डिंगच्या दोन महिने आधी बसवून घ्या, म्हणजे जिभेला सवय होते. आदल्या आठवड्यात नवी बसवली तर उच्चार आणखी बिघडतात.

रियाज दिवसातून दोनदा, पहिले दोन आठवडे वीस मिनिटंच. सुरुवात गाण्याने करायची नाही. पाण्याच्या ग्लासात जाडसर स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून तिच्यातून ‘ऊ’कार काढायचा, बुडबुडे येत राहिले पाहिजेत, तीन ते पाच मिनिटं. याने गळ्यावर ताण न येता दम सुधारतो. मग खर्जात सा, नी, ध, प. तार सप्तकाला चौथ्या आठवड्यापर्यंत हात लावू नका. जुनी गायिका तिसऱ्या दिवशीच जोरात ताना मारून दाखवते, ऐकणारे वाहवा करतात आणि पुढचे चार दिवस आवाज बसलेला असतो. ती वाहवा घरच्यांनी आवरावी.

सातव्या आठवड्यापर्यंत सलग चाळीस मिनिटं गाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज स्वच्छ निघत असेल तर तारखा ठरवा. निघत नसेल तर तारखा पुढे न्या. स्टुडिओचे पैसे परत मिळतील का, हे आधीच विचारून ठेवा.

पट्टी

पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या पांढऱ्या किंवा काळ्या पट्टीला सा धरून गायचं ती; सप्तकात डावीकडून मोजतात, काळी चार म्हणजे चौथी काळी. जुन्या कॅसेटवरून ती धरू नका. कॅसेटचा वेग मशीनमागे बदलतो. वेग सहा टक्क्यांनी जास्त असेल तर स्वर पेटीवरच्या एका पट्टीने चढलेला ऐकू येतो. काळी चार वाटणारं गाणं मुळात पांढरी पाचमध्येही गायलेलं असू शकतं.

आजची पट्टी अशी काढा. संध्याकाळी, आवाज तापलेला असताना, सगळ्यात चढी चाल असलेली एक लावणी पूर्ण म्हणायला सांगा, सगळ्या कडव्यांसकट. तिसऱ्या कडव्यानंतर त्या चालीतला सगळ्यात वरचा स्वर चार सेकंद धरता येतो का ते पाहा. मान वर गेली, हनुवटी पुढे आली किंवा स्वर पातळ झाला, तर एक पट्टी उतरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. एकाच संध्याकाळी चार पट्ट्या तपासल्या तर शेवटच्या दोनमध्ये आपण फक्त थकवा मोजत असतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई वीस वर्षांनी पांढरी चार किंवा काळी तीनवर येणं अगदी साधं आहे, काही जणी काळी दोनपर्यंतही उतरतात. वर गमावलेलं बहुधा खाली भरून येतं. मंद्रात पूर्वी नसलेला एक रुंद, खरखरीत पोत मिळतो आणि बैठकीच्या लावणीला तो फार शोभतो. म्हणून यादीत बैठकीच्या चाली वाढवा आणि फडाच्या उडत्या चाली दोन-तीनच ठेवा.

सगळी गाणी एकाच पट्टीत बसवायचा हट्ट नको. चालीप्रमाणे दोन पट्ट्या चालतात, फक्त एका दिवशी एकच पट्टी ठेवा. साथीदारांचीही सोय होते आणि बाईंच्या कानातला षड्ज, म्हणजे सा, हलत नाही.

ढोलकी

पट्टी उतरली की पहिली तक्रार ढोलकीवाला करतो आणि ती खरी असते. काळी चारला टणटणणारी ढोलकी पांढरी चारला उतरवली तर शाईची पुडी, म्हणजे काळी शाई लावलेल्या तोंडाचं कातडं, सैल पडते, ‘ता’ बसका येतो, बोटांना उसळी मिळत नाही. उपाय दोन. एक, शाईचं तोंड थोडं मोठं असलेली दुसरी ढोलकी आणायची, जी खालच्या षड्जालाच ताणलेली राहते. दोन, आहे तीच ढोलकी मध्यमाला, म्हणजे ‘म’ या स्वराला, लावायची. पांढरी चारचा मध्यम म्हणजे काळी पाच, तिथे पुडी छान ताणली जाते. मात्र ज्या चालीत पंचमावर, म्हणजे ‘प’वर, ठहराव आहे तिथे मध्यमाची ढोलकी कानाला टोचते, तिथे पहिला उपायच हवा. पंचमाला चढवायचा मोह टाळा. पांढरी चारचा पंचम म्हणजे वरची पांढरी एक. इतक्या ताणावर पुडी फाटायची भीती, आणि ती फाटते ती नेमकी शिफ्ट चालू असताना. बांधून तयार असलेली दुसरी पुडी बरोबर असू द्या.

स्टुडिओच्या एसीत कोरडी हवा असते, त्यामुळे बाहेरून आणलेली ढोलकी तासाभरात आपोआप चढते. वाद्यं आत आणून एक तास तशीच ठेवा आणि मग लावा. तुणतुण्याची तारही पट्टीप्रमाणे बदला. खालच्या षड्जाला जुनीच पातळ तार सैल करून लावली की ती भुणभुणते, एका नंबरने जाड तार घाला. पेटी स्केल-चेंजर असेल तर प्रश्नच नाही. पायपेटी वापरायची असेल तर भात्याचा आणि पायट्याचा करकर आवाज आधी तेल घालून घालवा.

गाणी आणि शब्द

सात गाणी पुरतात, फार तर आठ. लोकांना आठवणारी जुनी दोन, पारंपरिक तीन, नवी दोन. नवी गाणी लिहून घेताना शाहिराला पट्टी आणि आवाका आधी सांगा, नाहीतर धृपदच तार षड्जाला सुरू होतं.

बाईंची वही मिळाली तर तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. छापील पुस्तकातला पाठ आणि बाईंचा पाठ वेगळा निघेल. अर्थ लागत असेल तर बाईंचाच ठेवा. तो ज्या फडात शिकला गेला त्या फडाचा तो पाठ आहे. शेवटच्या कडव्यातली शाहिराची नाममुद्रा मात्र कधीही गाळू नका. वेळ वाचवायचा म्हणून नेमकं तेच कडवं कापलं जातं आणि पुढे रचना कुणाची हे सिद्ध करायची वेळ आली की हातात काही राहत नाही.

स्टुडिओत वही चालत नाही, पानं वाजतात. शब्द मोठ्या टायपात, एका कागदावर एकच कडवं, असे छापून स्टँडवर सुटे लावा. चष्मा दूरचा की जवळचा ते पाहून स्टँडचं अंतर ठरवा. वाचन येत नसेल तर समोर बसून ओळ पुटपुटणारं माणूस ठेवा. आवाज न करता ओठांनीच ओळ दाखवायची, याचीही तालीम करावी लागते.

हक्क

इथे घाई केली की अल्बम निघाल्यावर निस्तरत बसावं लागतं. भारतात गीत आणि चाल यांचा कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो आणि तो मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या रचना २००६ च्या सुरुवातीपासून मोकळ्या आहेत. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम या पेशवाईच्या काळातल्या शाहिरांचा तर प्रश्नच येत नाही. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले, त्यांच्या रचनांना २०२९ अखेरपर्यंत परवानगी लागेल. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, हक्क २०३७ अखेरपर्यंत. जगदीश खेबुडकरांचे २०७१ अखेरपर्यंत. शब्द मोकळे असले तरी चाल नंतरच्या संगीतकाराची असू शकते, ते वेगळं तपासा. पारंपरिक म्हणून ऐकलेल्या बऱ्याच चाली मुळात चित्रपटातल्या असतात.

बाईंची जुनी ध्वनिमुद्रणं बहुधा कंपनीच्या मालकीची असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षांचा, म्हणजे १९८५ ची कॅसेट २०४५ अखेरपर्यंत कंपनीची. तिचा तुकडा नव्या गाण्याच्या सुरुवातीला ‘आठवण’ म्हणून घालायचा असेल तरी लेखी परवानगी हवी.

तेच गाणं नव्याने गायचं असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सीचा रस्ता सुचवला जातो. मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झाली असतील तर आगाऊ सूचना देऊन, रॉयल्टी भरून नवी आवृत्ती काढता येते. पण त्या कलमात एक अट आहे. वेष्टनावर त्या रचनेच्या आधीच्या ध्वनिमुद्रणातल्या कलाकाराचं नाव किंवा चित्र टाकता येत नाही. इथे आधीचा कलाकार म्हणजे बाई स्वतःच. स्वतःच्या अल्बमवर स्वतःचं नाव घालता येणार नसेल तर त्या रस्त्याचा उपयोग काय? त्यापेक्षा हक्कधारकाकडून सरळ लेखी परवाना घ्या. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची चौकशी आयपीआरएस या त्यांच्या संस्थेकडे करता येते.

बाईंशी करार मराठीत करा आणि मोठ्याने वाचून दाखवा. ‘सर्व हक्क कायमचे’ असं वाक्य दिसलं तर खोडून मुदत लिहा. कायद्याप्रमाणे हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गायकालाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क आहे. त्यासाठी गायकांच्या इसामरा या संस्थेत नोंदणी करून घ्या. आधारकार्डावरचं नाव आणि कॅसेटवरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, बँकेतही ते लागतं.

रेकॉर्डिंग

जागा निवडताना स्टुडिओचं नाव बघू नका, बाईंचा चेहरा बघा. काचेच्या खोलीत एकट्या उभ्या केल्या की फडावर हजारोंसमोर गाणारी बाईही गप्प होते. इंग्लंडच्या लोकगायिका शर्ली कॉलिन्स यांनी ३८ वर्षांच्या खंडानंतर २०१६ मध्ये अल्बम काढला, तो त्यांच्या लुइस गावातल्या घरीच ध्वनिमुद्रित केला होता. आपल्याकडेही घरची माजघराची खोली चालते, अट एवढीच की तीन भिंतींना गाद्या आणि गोधड्या लागल्या पाहिजेत, पंखा व फ्रिज बंद पाहिजे आणि पहाटेचा किंवा दुपारचा शांत वेळ गाठता आला पाहिजे. पत्र्याचं छत असेल तर सोडून द्या.

स्टुडिओ घेतला तर बाई, पेटी आणि तुणतुणं एका खोलीत आणि ढोलकी काचेपलीकडच्या खोलीत, पण दोघांची नजरानजर झाली पाहिजे. उठावाची, म्हणजे लय चढवायची, खूण बाई डोळ्यांनी आणि हाताने देतात. ती दिसली नाही की ढोलकीवाला अर्धी मात्रा उशिरा येतो आणि मग सगळे म्हणतात, बाईंची लय सुटली.

क्लिक, म्हणजे हेडफोनमधला मशीनचा ठोका, लावू नका. लावणीची लय धृपदाला बसून असते, कडव्याला सैल होते आणि उठावाला चढते. मशीनच्या ठोक्यावर ही चढ-उतार मरते, उरतो नुसता केरवा. आधी क्लिकवर वाद्यं करून नंतर आवाज ‘डब’ करायची पद्धत स्वस्त पडते, पण इतक्या वर्षांनी गाणाऱ्या बाईंना ती झेपत नाही. त्या साथीला ऐकून गातात आणि साथ त्यांना ऐकून वाजते. दोन्ही एकाच वेळी घडायला हवं.

माइक मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर, तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर. पण आयुष्यभर हातात माइक धरून गाणाऱ्या बाई समोरच्या माइकपुढे हातांचं काय करावं या विचारात अडखळतात. तसं दिसलं तर शूअर एसएम ५८ हातात द्या. आवाजाची बारीक धार थोडी कमी मिळेल, गाणं मात्र मिळेल. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर, आणि पातळी अशी की सगळ्यात मोठा आवाज उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ नये. तालमीत मंद गाणारी बाई टेकमध्ये मध्येच ‘अहाहा’ची फेक करते आणि तिथेच आवाज फाटतो. हेडफोन एकाच कानाला द्या, दुसरा कान खोलीसाठी मोकळा.

ढोलकीला दोन माइक. शाईला १० ते १५ सेंटिमीटरवर एक, धुमाला, म्हणजे खर्जाच्या दुसऱ्या तोंडाला, थोडा लांब दुसरा. दोन्ही एकत्र ऐकताना धूम पोकळ वाटली तर एका माइकचा फेज उलटा करून पाहा. हलगी आणि संबळ त्याच खोलीत नकोत, ती नंतर वेगळी घ्या. घुंगरू हातात धरून हलवलेले लगेच ओळखू येतात. पायात बांधून, लाकडी फळीवर, मीटरभर अंतरावरच्या माइकने घ्या. मागून सूर धरणारे झीलकरी तीन खरे हवेत, एकाचा आवाज तीनदा चढवलेला कोरस प्लास्टिकचा वाटतो.

बाईंनी काचेच्या बांगड्या बाजूला काढून ठेवल्या तर बरं. नाही काढल्या तर मनगटावर रुमाल गुंडाळा. साडी सुती असावी. जरीचा काठ मांडीवर घासला की दर ठेक्याला बारीक ‘खस्स’ येतं. इंजिनिअर तासभर केबल तपासत बसतो आणि आवाज पदराचा असतो.

दिवसाला दोनच गाणी, सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात. जेवण दोन तास आधी, हलकं. ‘तालीम करू’ म्हणून जे पहिलं गायलं जातं ते गुपचूप रेकॉर्ड करा, पुष्कळदा तोच टेक अल्बममध्ये जातो. त्यानंतर पूर्ण टेक तीन. चौथा मागितला की बाई चुका टाळायला लागतात आणि गाण्यातली ऐट जाते. साथीदारांचे पैसे शिफ्ट संपताना, त्याच दिवशी द्या.

एडिट, मिक्सिंग

टेक जोडताना पूर्ण ओळ किंवा पूर्ण कडवं उचला, शब्द शब्द नको. श्वास कापू नका. ऑटोट्यून गाण्यावर पसरू नका. मुरकी आणि खटक्यातले मधले स्वर ते चुका समजून सरळ करतं आणि गायिका की-बोर्डसारखी ऐकू येते. ठहरावाचा एखादा लांब स्वर उतरला असेल तर तेवढाच हाताने उचला. थरथर आवाजात असेल तर असू द्या.

कॅसेटच्या काळातला लांबलचक एको घालून ‘जुना फील’ आणायची सूचना येईलच. त्या एकोत वयाची जाणीव वाढते, कारण दर ओळीचा उतरता शेवट दोनदा ऐकू येतो. प्लेट रिव्हर्ब सव्वा-दीड सेकंद, आवाजानंतर ३०-४० मिलिसेकंदांनी सुरू होणारा, एवढा पुरे. तुणतुणं नेहमी वाटतं त्यापेक्षा कमी ठेवा, ते आपोआप वर येतं. मोबाइलच्या स्पीकरवर ढोलकीची धूम गायब होते. तिथे थोडं सॅच्युरेशन घालून वरचे हार्मोनिक वाढवले तर ती ऐकू येते. मास्टर साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप) आसपास, ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १ डेसिबल. शेवटचं ऐकणं रिक्षात करा.

प्रकाशन

प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा ओळख-क्रमांक, अल्बमला यूपीसी. दोन्ही वितरकाकडून, म्हणजे गाणी अॅपवर चढवणाऱ्या कंपनीकडून, मिळतात. फाइली तारखेच्या चार आठवडे आधी द्या. नावाचा घोळ इथे होतो. तमाशा-लावणीच्या जगात आडनाव म्हणून गावाचं नाव लागतं, विठाबाई नारायणगावकर, यमुनाबाई वाईकर अशी. एकाच गावाच्या, एकाच नावाच्या दोन गायिका असल्या की अॅपवर त्यांची गाणी एकाच पानावर जाऊन पडतात. वितरकाला आधीच सांगून वेगळं कलाकार-पान करून घ्या आणि देवनागरीत व रोमन लिपीत नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा.

पारंपरिक रचना यूट्यूबवर चढवली की कुठल्यातरी कंपनीचा आपोआप दावा येण्याची शक्यता असते, कारण तीच चाल तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणात असते. घाबरू नका. वहीच्या पानांचे फोटो, रचनाकाराच्या मृत्यूचं साल आणि स्वतःच्या रेकॉर्डिंगच्या मूळ फाइली एका ठिकाणी ठेवल्या तर त्यांच्या आधारे हरकत घेता येते.

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावरच एक स्ट्रीम मोजतात. त्यामुळे नऊ मिनिटांच्या लावणीत दीड मिनिटाचा ढोलकीचा तुकडा आधी नको, बाईंचा आवाज विसाव्या सेकंदाच्या आत यावा. पूर्ण कडव्यांची आवृत्ती अल्बमच्या शेवटी वेगळी ठेवा. ती जाणकारांसाठी.

पहिला जाहीर कार्यक्रम प्रकाशनानंतर दोन आठवड्यांनी, पाऊण तासाचा, अल्बमच्याच पट्टीत. व्यासपीठावर जोश येऊन कुणी पेटी एक पट्टी चढवू नये, म्हणून पेटीवाल्याच्या कागदावर पट्टी लाल शाईने लिहा. आणि मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक बाईंच्या घरी. डिस्कवर चिठ्ठी लावा: गाण्याचं नाव, पट्टी, ढोलकी षड्जाला होती की मध्यमाला.